ताडपत्रीवरची संपाची वाट

मी एक जुनी ताडपत्री आहे, पण मला फाटकी म्हणून हिणवू नका, मित्रांनो. ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या एका अफाट फार्मवर मी मालकाच्या पिठाच्या पोत्यांवर पांघरलेली असे. गुरं राखणारे सगळे आमचे आदिवासी. जमीन त्यांच्या पूर्वजांची, आणि पदरात पडायचं ते थोडं पीठ, चहा आणि साखर.

एके दिवशी मालकाच्या स्वयंपाकिणीने, म्हणजे छोट्या डल्सीच्या आईने, एप्रन काढून ठेवला. रोख पगार मिळेपर्यंत कोणी कामाला हात लावायचा नाही, असं सगळ्यांचं ठरलं होतं.

"भूक लागली की निमूट परत याल," मालक म्हणाला.

"चूल मी पेटवायचे, मालक. आधी भूक कोणाला लागते ते बघू की."

मला पोत्यांवरून ओढून काढलं आणि अंथरुणं माझ्यात गुंडाळून माणसं निघाली. कोरड्या नदीच्या पात्रात मी त्यांचं छप्पर झाले. उन्हाने होरपळले, वाऱ्याने चिरले, पण माझ्याखालचं एकही माणूस मागे फिरलं नाही. अखेर मालकाला पगार कबूल करावा लागला. ते आठवलं की आजही माझा ऊर भरून येतो.

पुढे कित्येक वर्षं मी शेडमध्ये धूळ खात पडले. मग डल्सीने मला बाहेर काढलं आणि वस्तीतल्या बायकांनी माझ्यावर संपाची वाट रंगवली. ज्याने त्याने आपापल्या घरच्यांचीच पावलं काढायची, ही आमची रीत. डल्सीने मधोमध आईचा चेहरा काढला.

"एवढं मोठं नाक?" म्हातारी म्हणाली. "तेव्हा असतं तर मालक पहिल्याच दिवशी पगार टाकून पळाला असता."

मला शहरातल्या प्रदर्शनाला न्यायचं ठरलं, पण नेण्याआधीच म्हातारी गेली. दुखवटा संपेपर्यंत गेलेल्या माणसाचं नाव आमच्यात घेत नाहीत, चित्रातला चेहराही झाकतात. डल्सीने त्यावर कापड टाचलं. न्यायला आलेले गृहस्थ अडून बसले. मुख्य चेहराच दिसत नसेल तर लोक कशाला येतील, असं त्यांचं म्हणणं. आमची गोष्ट वस्तीबाहेर जाणारच नाही की काय, या विचाराने मी धास्तावले.

"न्यायची तर अशीच न्या," डल्सी म्हणाली. "आईने मालकाचं ऐकलं नाही, मी तुमचं ऐकू?"

मला तसंच नेलं. लोक त्या कापडापुढेच सगळ्यात जास्त वेळ थांबत.

मित्रांनो, मला उन्हापासून आणि कसरीपासून जपा, एवढंच मागणं. आणि कुठे असा झाकलेला चेहरा दिसला तर कापड उचलू नका, ते काम घरच्यांचं. मी वस्तीत परतले, दुखवटा संपला, तेव्हा माझ्यावरचं कापड डल्सीनेच काढलं. सगळी वस्ती जमली होती. तिने चेहऱ्यावर हात ठेवला आणि आईचं नाव पुन्हा मोठ्याने घेतलं, "मर्टल."

मग सगळ्यांनी ते घेतलं.