अन्नपूर्णेच्या पोटातली नळी

"सावकाश ओत हं सुगंधा, आणि मध्येच थांबू नकोस. कृष्णाच्या पायाला टेकेपर्यंत ओत."

दर गोकुळाष्टमीला माझे वडील हे सांगायचे. आमच्याकडे एक पितळी वासुदेव-पेला होता. मधोमध वसुदेव, त्याच्या डोक्यावर टोपलीत बाळकृष्ण. पाणी कृष्णाच्या पायाला टेकलं, की गुळ्ळकन आवाज व्हायचा आणि भरलेला पेला आपोआप रिकामा! यमुना ओसरली म्हणून आम्ही टाळ्या पिटायचो. पुढे तो पेला माझ्याबरोबर विक्रोळीच्या चाळीत आला. वडिलांचं वाक्य मात्र मला शेजारच्या खोलीत, भलत्याच वेळी आठवलं.

गोष्ट पंच्याऐंशी सालची. शेजारच्या जयवंतच्या दारात सकाळपासून ही गर्दी! बायका दुधाच्या बाटल्या छातीशी धरून उभ्या. "गायीचंच लागतं का गं?" "छे, म्हशीचंपण पिते म्हणे!" आत क्षीरानंद महाराज आले होते. त्यांची चांदीची अन्नपूर्णा वाडग्यातलं दूध पिते, आणि ते दूध जयवंतच्या रतनच्या पोटात उतरतं, असा बोलबाला.

रतन सात वर्षांची. मेंदूज्वरातून वाचली, पण गिळणं गेलं. चमचाभर पाणी दिलं तरी श्वासनळीत जाई, पोर काळीनिळी होई. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाकातून पोटात नळी घालू, तिच्यातून दूध देऊ. नुसत्या सलाईनवर ही फार दिवस काढणार नाही." सुलक्षणा, तिची आई, तयार होत होती. जयवंत ऐकेना. संपात गिरणी सुटली त्याच वर्षी त्याची आई गेली, ती नाकातल्या नळीसकट. "नळी घातली की माणूस परत येत नाय, काकी," तो मला म्हणाला होता. ही भीती महाराजांनी बरोबर हेरली. अकरा दिवसांचं अनुष्ठान ठरलं. जयवंतने आदल्या संध्याकाळी स्वतःच्या जबाबदारीवर सही करून पोरीला इस्पितळातून घरी आणलं.

"नळी म्हणजे यमाची दोरी!" महाराज गरजत होते. "एक टोक नाकात, दुसरं रेड्याच्या शिंगाला! इथे कसं, डायरेक्ट कनेक्शन! अन्नपूर्णेच्या मुखी दूध, रतनच्या पोटी बळ!"

"मग ढेकर कोण देतली, महाराज?" दारातून लवू पेंटरने विचारलं. बायकांनी त्याला गप्प केलं.

चौरंगावर जमिनीपर्यंत लोळणारं भगवं वस्त्र. त्यावर वाडगा, वाडग्यात उंच कमळावर देवी. महाराजांनी धार धरली. दूध देवीच्या पायाला टेकलं, गुळ्ळ! वाडगा रिकामा. "अन्नपूर्णामाते की जय!"

मीही हात जोडले. पण तो आवाज माझ्या कानाला लहानपणापासून ओळखीचा. शिवाय मनात आलं, माझ्या देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा हातात पळी घेऊन वाढायला बसली आहे. ही लेकराच्या तोंडचं पिते कशी? रतन आईच्या मांडीवर होती. तिच्या सुकलेल्या ओठांवर सुलक्षणा ओला कपडा फिरवत होती. मी देवीची मनात क्षमा मागितली.

"महाराज, मला नैवेद्याचा नेम आहे. दोन घोट मी पाजू का?"

"पाज, माऊली!"

मी ओतलं, पण देवीच्या पायाला नखभर कमी. थांबले. सगळे थांबले. दूध तसंच.

"भाव कमी पडला तुझा," महाराज म्हणाले.

"पडला असेल हो. एक पळी आणखी घालते." पळीभर घातलं, पायाला लागलं. गुळ्ळ!

"काकीचो भाव एका पळीत पुरो झालो!" लवू ओरडला, आणि आता बायकासुद्धा हसल्या.

मी खोलीतून माझा पेला आणला. खाली परात ठेवली आणि तांब्या सुलक्षणाच्या हातात दिला. तिने ओतलं. पाणी कृष्णाच्या पायाला टेकलं आणि सगळं परातीत उतरलं. मग मी पेला उलटा करून तळाचं भोक दाखवलं. "मूर्तीच्या आत एक वाकडी नळी असते. पेल्याच्या तळाशी सुरू होते, पायापर्यंत चढते, तिथे वळते आणि तळातून बाहेर पडते. वळणापर्यंत पाणी चढलं, की पलीकडे उतरताना मागचं सगळं ओढून नेतं. अर्ध्यावर ठेवलं तर थेंबही जात नाही. यात कृष्णाचा चमत्कार नाही, तांबटाचा हात आहे."

"देवीचा कोप होईल!" महाराज चौरंगासमोर आडवे आले. जयवंतने त्यांना बाजूला सारलं आणि वस्त्र उचललं. वाडग्याच्या भोकाखाली चौरंगालाही भोक होतं, आणि त्याखाली कळशी. गळ्यापर्यंत दूध! महाराज चपला शोधू लागले.

जयवंत त्या कळशीकडे बघतच राहिला. सुलक्षणा हळू म्हणाली, "देवीच्या पोटात नळी चालता, आणि माझ्या चेडवाच्या पोटात चालत नाय?"

"आये गेली ना गे नळी घालून..."

"ती नळीने नाही गेली, जयवंता," मी म्हटलं. "ती जातच होती, नळी शेवटपर्यंत तिला भरवत होती. रतन पुन्हा गिळेल की नाही, ते डॉक्टरीणबाईही छातीठोक सांगत नाहीत. मी कोण सांगणारी? पण उपाशी ठेवून कुणी बरं होत नाही. उपास मी करते, कळत्या वयात, माझ्या मर्जीने. ते लेकरावर लादायचं व्रत नाही."

तो उठला. "टॅक्सी बघतंय," एवढंच बोलला.

निघताना सुलक्षणाने माझा हात धरला. "दर दोन तासांनी दूध घालायचं, काकी. एकटीच्याने नाही व्हायचं. तुम्ही याल?"

"येईन. सकाळचं पहिलं दूध माझ्याकडे."

देवाला मानणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. कुणी चमत्कार दाखवला तर हात जरूर जोडा, पण वस्त्र उचलून खालीही बघा. दूध कुठे जातं ते विचारल्याने देव रागावत नाही. रागावतो तो कळशीवाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अन्नपूर्णेला नैवेद्य दाखवला. एरवी त्यानंतर मी पाण्याला तोंड लावते. त्या दिवशी आधी रतन, म्हणून तांब्या तसाच झाकून ठेवला. दूध उकळलं, नळीत साय अडकू नये म्हणून मलमलीतून दोनदा गाळलं, बरणीत भरलं. दार ओढून घेतलं आणि इस्पितळाच्या रस्त्याला लागले.