मला चड्डी म्हणायचे

मी हार्नेस बोलतोय. त्यातही सीटवाला. किनाऱ्यावर माझं हे खरं नाव कुणी घेत नसे. तिथं सगळे मला चड्डीच म्हणायचे. म्हणोत बापडे. एवढं सगळं होऊन गेल्यावर आता नावाचं काय घेऊन बसायचं?

पायाखाली फळी आणि डोक्यावर भला मोठा पतंग घेऊन लाटांवरून पळणारी माणसं तुम्ही निदान चित्रात तरी पाहिली असतील. बघणाऱ्याला वाटतं, पतंग हातांनी धरलाय. हातांची काय बिशाद! हातातला दांडा फक्त पतंग वळवायला. खरी ओढ झेलतो तो अंगाला बांधलेला हार्नेस. त्याच्या पुढच्या हुकात पतंग अडकवलेला असतो. आमच्यात दोन प्रकार आहेत. एक कमरवाला, म्हणजे कमरेला आवळायचा रुंद पट्टा. दुसरा मी. मला बसायला बूड आहे आणि मांड्यांतून जाणारे दोन पट्टे आहेत. त्या पट्ट्यांमुळे मी वर सरकत नाही, आणि पतंगाची ओढ कमरेवर न येता खाली बुडावर येते. दिसायला मी बेंगरूळ आहे, हे मला मान्य आहे.

मला शिवलं ते एका बाईनं. लांबलचक शेडमध्ये शिलाईयंत्रांच्या रांगा होत्या, त्यातल्या खिडकीजवळच्या यंत्रावर ती बसायची. मांडीचा पट्टा जिथे बुडाला जोडतात तिथे ती आधी चौकोन शिवायची आणि मग त्या चौकोनात फुली. तेवढं झालं की सगळे हार्नेस पुढे सरकवायचे, अशी तिथली पद्धत होती. पण ही बाई प्रत्येक पट्ट्यात स्वतःचा पाय घालून दोन्ही हातांनी हिसका द्यायची. शेजारीण हसायची, “अगं, तू काय यातून उडणार आहेस का?” ती म्हणायची, “कुणीतरी उडणारच ना.” माझं पहिलं नातं त्या बाईशी. तिचा चेहरा मला आता आठवत नाही, हिसका मात्र आठवतो.

तिथून मी आलो पतंगाचा हा खेळ शिकवणाऱ्या एका शाळेत. शाळा कसली, वाळूवरची एक लाकडी शेड. सामान देण्याघेण्याचं काम एक मुलगी बघायची. वीस-एकवीस वर्षांची, कामाला वाघ, जिभेला धार. शेडच्या आडव्या तुळईला तिनं एक दोर बांधला होता. हार्नेस घ्यायला आलेल्या प्रत्येकाला ती तो चढवायला लावायची, हुक दोरात अडकवायची आणि म्हणायची, “आता गुडघे दुमडा आणि लोंबकळा. पाच मिनिटं.”

लोक लाजायचे. धंद्यातले मोठे साहेबसुद्धा त्या दोराला बकऱ्यासारखे लटकायचे आणि बायका-पोरं फोटो काढायची. ती मात्र घड्याळाकडे बघत राहायची. दोन मिनिटांनी बरगडीखाली हात घालून बघायची, पट्टा किती वर सरकलाय ते. “घट्ट होतंय का? दुखत असेल तर सांगा हं.” पाच मिनिटांच्या आत तिनं कधी कुणाला खाली उतरवलं नाही. मला तिचा फार अभिमान वाटायचा.

तिचे बाबा बेकरीवाले. रोज सकाळी भट्टी आवरली की गरम पावांची पाटी घेऊन शेडवर यायचे. सगळे त्यांना पाववालेच म्हणायचे. मी बाबा म्हणतो, कारण ती म्हणायची. मैद्याची पोती उचलून उचलून त्यांच्या कमरेची वाट लागली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की पुन्हा एकदा कमरेला हिसका बसला तर उठणं-बसणं मुश्किल होईल. आणि अशा माणसाला त्रेपन्नाव्या वर्षी वाटलं, आपणही लेकीकडून हे शिकावं.

घरी काय झालं ते बाबांनीच शेडवर येऊन सांगितलं. “तुझी आई म्हणते, भट्टीत हात भाजून समाधान नाही झालं वाटतं, आता आभाळात जाऊन पडा.”

“बरोबरच म्हणते,” मुलगी म्हणाली. “पण मी कशाला आहे? ये, लटक.”

आधी तिनं त्यांना कमरवाला बांधला. बाबांना कंबर अशी नव्हतीच. छातीखाली पोट सुरू व्हायचं ते थेट मांड्यांपर्यंत. दोन मिनिटांत पट्टा सरकून काखेत गेला.

“बाबा, श्वास घेता येतोय का?”

“येतोय... थोडा थोडा.”

तिनं त्यांना लगेच उतरवलं आणि मला चढवलं. मांड्यांचे पट्टे स्वतः गुडघ्यावर बसून आवळले. पाच मिनिटं झाली, सात झाली. बाबा माझ्यात झोपाळ्यात बसावं तसे बसले होते आणि पाव कसा भाजावा यावर तिला व्याख्यान देत होते. मी तसूभरही हललो नाही.

“हाच,” ती म्हणाली. “दुसरा घ्यायचाच नाही.”

दोन वर्षं मी त्यांना झेललं. सुरुवातीला ते नुसते आपटायचे. मग फळीवर उभे राहू लागले, मग किनाऱ्याला समांतर लांबवर जाऊन परत यायला शिकले. परत आल्यावर ते मला गोड्या पाण्यानं धुवायचे, सावलीत वाळवायचे. कंबर एकदाही धरली नाही. बापलेक दोघं शेजारी शेजारी जात तेव्हा ती ओरडायची, “गुडघे दुमड, बाबा!” आणि ते ओरडायचे, “तू तुझं बघ!” मला वाटायचं, असंच चालायचं.

पण माणसांना सुख टोचायला लागतं. शेडवर एक फोटो काढणारा होता. त्यानं एकदा बाबांचा पाठमोरा फोटो काढला. माझं बूड ओलं होऊन लोंबत होतं, मांड्यांच्या पट्ट्यांनी त्यांची खरी चड्डी गोळा झालेली, आणि बाबा पाण्यातून वर येतायत. फोटो काउंटरवर चिकटवून त्यानं खाली लिहिलं, ‘आमचा उडता पाव’. सगळे पोट धरून हसले. बाबाही हसले. मुलगीही हसली. सगळे गेल्यावर तिनं तो फोटो उपटला आणि चुरगळून खिशात कोंबला. बाबा मागच्या दारात पाटी घेऊन उभे होते, हे तिला दिसलं नाही.

त्यानंतर ती त्यांच्याबरोबर पाण्यात जाताना थोडी लांब राहायला लागली. “तुझे बाबा नाही आले आज चड्डी घालून?” असं कुणी विचारलं की कामाचं निमित्त काढून आत जायची. तिला त्यांची लाज वाटत नव्हती. माझी वाटत होती. पण मी त्यांच्याच अंगाला होतो ना.

मग बाबांचा पंचावन्नावा वाढदिवस आला. तिनं त्यांच्यासाठी नवा कमरवाला आणला होता. काळा कुळकुळीत, कडक पाठीचा. हा अजिबात वर सरकत नाही असं त्याच्या खोक्यावर छापलं होतं. छापलेल्यावर विश्वास ठेवणारी ती नव्हे, पण त्या दिवशी ठेवला. शेडवर सगळी मंडळी जमलेली, वारा मस्त सुटलेला, सगळ्यांना पाण्यात जायची घाई.

“बाबा, आता तू शिकाऊ राहिला नाहीस. हा घाल.”

बाबांनी तो हातात घेतला. एकदा तुळईच्या दोराकडे पाहिलं. मी तिथेच खुंटीला होतो, मी त्यांचे डोळे पाहिले. त्यांना लटकून बघायचं होतं. पण त्या सगळ्यांसमोर पुन्हा लटकायचं, पुन्हा पोट लोंबणार, पुन्हा फोटो निघणार, आणि लेकीचा चेहरा पडणार. त्यांनी पट्टा कमरेला गुंडाळला.

आणि ती? परक्या माणसाला पाच मिनिटं लटकवल्याशिवाय पाण्यात न सोडणारी ती पोर म्हणाली, “थोडा सैल वाटतोय का? दे, अजून आवळते. घट्ट बांधला की नाही सरकत.”

बाबांनी जाता जाता माझ्या हुकावर हात ठेवला. “तू बस आता आरामात,” म्हणाले. मला राग आला होता. आजही आहे.

पुढचं मी उघड्या दारातून पाहिलं ते इतकंच, की पतंग वर गेला आणि बाबा त्याच्यामागे. बाकीचं मला त्या कमरवाल्यानंच नंतर सांगितलं. त्याला आणून माझ्या शेजारच्या खुंटीला अडकवलं होतं, वाळूनं भरलेला. वाऱ्याचा जोराचा झोत आला, पतंग थेट डोक्यावर चढला, ओढ सरळ वरच्या बाजूला लागली. तो सरकला. बरगड्यांवरून काखेपर्यंत गेला. हुक वर गेला, त्याबरोबर दांडाही गेला. बाबांचे हात पुरेनात, छाती आवळलेली, श्वास कोंडलेला. पतंग सोडून द्यायची कळ त्यांनी ओढली, पण तोवर ते दोन माणसं उंच होते. गुडघाभर पाण्यात पाठीवर पडले.

“मी काय करणार होतो?” तो मला म्हणाला. “मी कमरेवर टिकतो. कंबरच नसेल तर कुठे टिकू?” त्याचं खरं होतं. सडपातळ, सराईत माणसाच्या अंगावर तो शोभतो, वळायला-वाकायला मोकळीक देतो. त्याच्याशी माझं भांडण नाही. चुकीच्या अंगावर त्याला कुणी चढवलं, ते त्याला विचारून नव्हतं.

मणका मोडला. ऑपरेशन झालं. बाबा वाचले, पण पाय चालायचं विसरले.

मुलीनं शेडची किल्ली परत दिली आणि बेकरीत कणीक तिंबायला उभी राहिली. तिच्या जागी आलेल्यानं तुळईचा दोर सोडून त्यावर कपडे वाळत घातले. लटकवून बघायची पद्धत बंद झाली, वेळ जातो म्हणून. माझ्या बुडात कुणीतरी पाण्याची नळी गुंडाळून ठेवली. हुकाला गंज चढला. आठ महिने कुणी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. सगळे बाबांच्या नशिबाबद्दल हळहळत राहिले. वारा वाईट, वेळ वाईट, वय वाईट. त्या पट्ट्याचं नाव एकानंही काढलं नाही, आणि फोटोचं तर नाहीच.

मग एका दुपारी ती आली. आधी मी ओळखलंच नाही, इतकी वाळली होती. तिनं नळी काढून टाकली, मला बादलीत घातलं, मीठ निघेपर्यंत धुतलं, हुक घासला. मी वाळलो तेव्हा तिनं वाळत घातलेले कपडे बाजूला केले, दोर पुन्हा तुळईला बांधला आणि मला स्वतःच्या अंगावर चढवून लटकली. घड्याळ समोर धरलेलं. प्रत्येक शिवणीवरून तिचं बोट फिरलं, चौकोनावरून, फुलीवरून. तिसऱ्या मिनिटाला ती रडायला लागली. पाच मिनिटं पुरी झाल्याशिवाय उतरली मात्र नाही.

आता मी बाबांच्या खोलीत आहे. पलंगाशेजारच्या खुर्चीच्या पाठीवर मला टाकलेलं असतं. मला का आणलं, ते इथं आल्यावर कळलं. व्यायाम घ्यायला एक बाई येते. रोग्याला उभं करताना धरायला तिच्याकडे कमरेचा पट्टा होता. बाबांना उचललं की तो सरकून बरगड्यांत घुसायचा आणि बाबा कळवळायचे. बाई म्हणाली होती, “यांना मांडीतून धरणारं काहीतरी लागेल.” मुलीनं एवढंच म्हटलं होतं, “आमच्याकडे आहे.”

पहिल्या दिवशी मला पाहून बाबांनी हात पुढे करून माझा हुक चाचपला. आई दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. मग बाबा म्हणाले, “ही चड्डी कशाला आणलीस? लोक हसतील.”

“हसू देत,” मुलगी म्हणाली. ती गुडघ्यावर बसली आणि त्यांचे पाय एकेक करून माझ्या पट्ट्यांतून घातले. दोन वर्षं रोज मी त्या मांड्या धरल्या होत्या. आता त्या माझ्या पट्ट्यांत सैल पडत होत्या. तिला पट्टे पार शेवटच्या टोकापर्यंत ओढावे लागले. कधी नव्हे ते ती मला दोनदा, तीनदा तपासत होती. मग तिनं माझ्या आणि त्यांच्या बरगडीच्या मध्ये हात घातला.

“घट्ट होतंय का, बाबा? दुखत असेल तर सांग हं.”

हा प्रश्न तिनं शेकडो अनोळखी माणसांना विचारला. वाढदिवसाच्या दिवशी एकदा बाबांना विचारला असता तर मी आज इथे नसतो, आणि तेही या पलंगावर नसते. मला तुमच्याकडे काही मागायचं असेल तर एवढंच, की घरच्या माणसालाही पाच मिनिटं लटकवून बघा.

व्यायामवाल्या बाईनं बाबांचे गुडघे धरले. मुलीनं दोन्ही मुठींनी माझा हुक धरला, जिथे पूर्वी पतंग असायचा. “गुडघे ताठ कर, बाबा,” ती म्हणाली. या वेळी “तू तुझं बघ” असं कुणी म्हटलं नाही.

तिनं ओढलं. बाबा सात मोजेपर्यंत उभे राहिले.

मी वर सरकलो नाही.