चार मूठ पोटॅश

अभिमन पाटलांच्या किडन्या गेल्या, तेव्हा शिंदखेड्याच्या घराला कुलूप लावून दिपमालाने वडिलांना, म्हणजे नानांना, जळगावला, मेहरूणमध्ये आपल्या घरी आणलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. केळी बंद, बटाटा बंद, नारळपाणी बंद. नानांनी सगळं मुकाट्याने सोसलं. पण पालेभाजीवाचून त्यांना घास उतरेना. "दोन पानं तरी दे, माय," असं ते एकदा म्हणाले, आणि दिपमाला स्वयंपाकघरात जाऊन रडली.

ती केळीची रोपं तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिने गच्चीवर हिरवी जाळी बांधली, पांढरे पाइप आडवे लावले आणि त्यांत मातीविना, नुसत्या खताच्या पाण्यावर पालक वाढवला. पहिले तीन आठवडे टाकीत सगळी खतं जायची. शेवटचे दोन आठवडे ती पोटॅश बंद करायची, त्याची पिशवी जिन्याखाली ठेवून द्यायची. पालक उपाशी राहायचा, जुन्या पानांच्या कडा करपायच्या, पण त्याच्यातलं पोटॅशियम उतरायचं. दर कापणीला ती पानांचा रस काढून मीटरवर तपासायची. आकडा खाली असला तरच भाजी. डॉक्टरांनीही मान डोलावली होती.

नानांना तिने एवढंच सांगितलं होतं, "तुमच्या रक्तात पोटॅशियम वाढतं, म्हणून तुमच्यासाठी ही वेगळी भाजी." पोटॅशियम म्हणजे डॉक्टरांच्या कागदावरचं काहीतरी. पोटॅश म्हणजे आपण चाळीस वर्षं कापसाला घातलं ते. ही दोन्ही नावं एकाच गोष्टीची, हे नानांना कुणीच सांगितलं नाही.

भाद्रपदातल्या खेपेला कोवळी पानंही पिवळी पडली. बोअरच्या पाण्यामुळे रोपांना लोह मिळत नव्हतं. दिपमालाने पाणी सुधारलं, टाकीत लोह घातलं. त्याच सुमारास नाना कठडा धरत धरत गच्चीवर चढले. पानं उलटी-सुलटी करून बघत राहिले.

"पोरी, ह्या पालाले पोटॅश कमी पडी ऱ्हायनं. कडा कश्या जळन्यात, देख."

"राहू द्या नाना, तो असाच ठेवायचा आहे." तिला कामावर जायची घाई होती.

"पिकले उपाशी ठेवतस का कोनी?" नाना म्हणाले. ती तोवर जिना उतरली होती.

आठ-दहा दिवसांत पालक असा तरारला की बघत राहावं. लोह लागू पडलं म्हणून दिपमाला खूश झाली. लोहाची उणीव कोवळ्या पानांत दिसते आणि पोटॅशची जुन्या पानांच्या कडांवर, हे ती नव्या मुलींना रोज शिकवायची. इथे तर खालच्या पानांच्या कडाही करपायच्या थांबल्या होत्या. तिने ते पाहिलं, आणि विळी घेतली. मीटर प्रयोगशाळेत राहिलं होतं.

शनिवारी संध्याकाळी नानांनी दोन वाट्या भाजी खाल्ली. रविवारी दोन्ही वेळा. सोमवारी सकाळी भाकरीबरोबर पुन्हा. इतक्या दिवसांनी ते पोटभर जेवत होते. तिला नाही म्हणवेना.

सोमवारी दुपारी त्यांना खुर्चीतून उठता येईना. पाय जणू त्यांचे राहिलेच नव्हते. दिपमालाचा नवरा प्रेमराज याने त्यांना उचलून गाडीत घातलं. दवाखान्यात छातीला तारा लावल्या, पट्टी बाहेर आली आणि डॉक्टरांचा चेहरा बदलला.

"काय खाल्लं यांनी?"

"पालक. पण मी वाढवलेला, त्यात पोटॅशियम नसतं," दिपमाला ठामपणे म्हणाली.

खाटेवरून नाना क्षीण हसले. "आते तो पाला ताजातवाना व्हयना, डॉक्टर. मी चार मूठ पोटॅश टाकं. जिनाखालनी पिशवीमातून." मग लेकीकडे वळून म्हणाले, "तुले सांगं नही. तू वरडशी."

दिपमालाने त्यांचा हात धरला. "नाही ओरडत, नाना. चांगलं केलं तुम्ही."

डॉक्टरांनी सुया दिल्या, मशीन जोडायला सांगितलं. नळ्या जोडून होण्याआधीच नानांचं हृदय थांबलं.

तेरावं झाल्यावर पाहुणे पांगले, आत्या तेवढ्या राहिल्या. प्रमिलाबाई, नानांच्या धाकट्या बहीण. सकाळी कपडे वाळत घालायला त्या गच्चीवर गेल्या आणि ओटीभर पालक खुडून घेऊन आल्या. पंप चालूच होता. प्रेमराज रोज न चुकता टाकी भरत होता.

"इतली चांगली भाजी वाया घालशी का?" म्हणत त्यांनी लसणाची फोडणी दिली. प्रेमराज जेवला, आत्या जेवल्या. त्यांना काही होणार नव्हतं. दिपमालाच्या ताटात भाजी तशीच राहिली.

"खा ना माय. मना भाऊले आवडे, तूच म्हनी."

तेव्हा दिपमालाने सगळं सांगितलं: पोटॅश, मीटर, करपायच्या थांबलेल्या कडा. सांगताना ती रडली नाही. प्रेमराजचा हात ताटातच थांबला.

आत्यांनी दिपमालाचं ताट बाजूला सरकवलं. मग विचारलं, "त्याले कळनं का?"

"नाही."

"मंग भाऊबंदमा कोनले सांगू नको."

त्यांनी उरलेली भाजी पातेल्यात ओतली, त्यावर झाकण ठेवलं, आणि दिपमालाला दुसरं ताट वाढलं. वरण-भात. दिपमाला जेवायला लागली.