बॉडी कधी येणार?

काल संध्याकाळपर्यंत माझा धाकटा भाऊ मल्हार होता. गावातली पोरं त्याला मल्हारआप्पा म्हणायची, मेंढरं त्याच्या नुसत्या शिटीवर वळायची, आणि मी रागाच्या भरात त्याला काय काय म्हणायचो ते इथं लिहिण्यासारखं नाही. आज दिवस उजाडला आणि तो बॉडी झाला.

हा शब्द पहिल्यांदा आला तो फोनवरून. काल सांजेला जळकोटच्या पुढं महामार्ग ओलांडताना एका जीपनं मल्हारला उडवलं. मेंढरं सगळी पलीकडं गेली होती, मागं तो एकटाच राहिला होता. त्याला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं, आणि त्याचा मुलगा प्रेम पुण्याहून थेट तिथंच पोचला. सकाळी त्याचा फोन आला. "तात्या, संपलं सगळं. पीएम झालं की बॉडी ताब्यात देतील." भाऊ गेल्याचं दुःख व्हायच्या आधी मला त्या शब्दाचा राग आला, हे खरं तेच सांगतो.

मला इंग्रजीचं वावडं आहे असं कुणी समजू नये. उभा जन्म एस.टी.त काढला, शेवटी तुळजापूरच्या स्टँडवर कंट्रोलर होतो. स्टँड, डेपो, डिझेल, टायर, यातला एकही शब्द मला कधी टोचला नाही. कामाला येणारा शब्द कुठल्याही गावचा असो, मला चालतो. माझं डोकं फिरतं ते उगाच मिरवणाऱ्या शब्दांनी. प्रेम पुण्यात नोकरीला लागल्यापासून त्याचं प्रत्येक वाक्य 'ॲक्च्युअली'पासून सुरू होतं. माझ्या सुनेला विचारलं, जेवलीस का, तर म्हणते, बेसिकली भूकच नाही. आता भूक बेसिकली कशी नसते? एकतर असते, नाहीतर नसते. यावरून मी घरात भांडलोय, दुकानात भांडलोय, एकदा तर लग्नाच्या मांडवात माईकवाल्याशी भांडलोय. मल्हारनं या कामी मला कधी साथ दिली नाही. "बोलू द्या की दादा, तुमचं काय जातंय?" असं म्हणून तंबाखू मळत बसायचा.

काय जातंय ते आज कळत होतं.

मल्हारच्या अंगणात माणसं जमायला लागली. येणारा प्रत्येक जण पायताण काढायचा, माझ्याजवळ येऊन खांद्यावर हात ठेवायचा आणि तेच विचारायचा.

"बॉडी कधी येणार?"

"बॉडीसंगं कोण कोण हाय?"

"निघाली का बॉडी?"

आमच्याकडं मयत म्हणतात, माती म्हणतात. ते शब्द कानाला जड लागतात, पण त्यात माणूस गेल्याची जाणीव तरी असते. बॉडी म्हणजे काय? ट्रकलाही बॉडी असते. मी एकाला सरळ सांगितलं, "मल्हार म्हण. त्याला नाव हाय."

"व्हय की तात्या, तेच म्हणतोय," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "मल्हारआप्पाची बॉडी."

मी उठलो आणि रस्त्यापर्यंत जाऊन आलो. परत बसलो, परत उठलो. कुणी चहा आणून दिला तो हातातच निवला. एका जागी पाय ठरत नव्हते. बसलं की कानावर तो शब्द यायचा आणि उठलं की मल्हार डोळ्यापुढं यायचा, डोक्याला लाल फेटा आणि हातात काठी घेऊन सडकेच्या मधोमध उभा.

दुपारी दारातून नागूबाईनं मला हाक मारली. नागूबाई म्हणजे मल्हारची बायको. मी थोरला दीर, त्यामुळं माझ्यासमोर ती कायम डोईवरचा पदर सावरून, खाली बघून बोलणार. आजही तशीच बोलली. डोळे सुजले होते, पण आवाज कोरडा होता.

"भावजी, घरी आणतेत न्हवं?"

"आणतेत की. घरी न्हाय तर कुठं नेतील?"

"न्हाय, भाईर कायबाय बोलालेत माणसं. डायरेक डायरेक म्हणालेत. म्हणून इचारलं."

"त्यांच्या बोलण्याकडं ध्यान देऊ नगं. म्या सांगतोय न्हवं? घरी आणणार."

"मग मी बसते," ती म्हणाली आणि उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली.

मी शब्द देऊन बसलो आणि बाहेर येऊन पाहतो तर तिथं वेगळंच शिजत होतं. आमचे आण्णासाहेब, माजी सरपंच, गावातल्या प्रत्येक मयताचे मुकादम. सरण कुठं रचायचं, लाकूड किती लागेल, कुणी कुठं उभं राहायचं, हे सगळं तेच ठरवणार, आणि खरं सांगायचं तर ते करतातही मनापासून. ते चार माणसांना समजावत होते, "बॉडी फाडलेली असती. टाके असतेत. घरी आणून बायामाणसांस्नी कशाला दाखवायची? आन् दिवस बुडायच्या आत उरकाय पायजे. डायरेक्ट स्मशानात घ्यायची. म्या प्रेमला फोनवर बोललोय."

"तुमाला कुणी सांगितलं बोलाया?" मी विचारलं.

"तात्या, तुमी दुःखात हाव. तुमी फक्त बसा."

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. प्रेमच होता. गाडी नळदुर्गच्या पुढं आली होती. "तात्या, ॲक्च्युअली आण्णासाहेब म्हणतात ते बरोबर आहे. बॉडीची कंडिशन तशी नाही. आईला बघवणार नाही. आपण डायरेक्ट स्मशानात घेऊ."

"तुझी आई दारात बसलीया."

"म्हणूनच म्हणतोय. तात्या, थोडं प्रॅक्टिकल व्हा, प्लीज."

"आरं, आपल्यात बाया स्मशानात येतेत का? ती बघणार कवा त्याला?"

मग तो म्हणाला, "न बघितलेलंच बरं," आणि फोन ठेवून दिला.

त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं की मी दिवसभर ज्याच्यावर चिडलोय तो नुसता शब्द नाही. मल्हार असता तर त्याला घरीच आणावं लागलं असतं. बारा गावं हिंडून आलेला माणूस आधी आपल्या दारात येतो, पाणी घेतो, मग कुठं जायचं तिकडं जातो. बॉडीचं तसं नसतं. ती कुठूनही कुठंही डायरेक्ट नेता येते.

मी कुणाला काही न सांगता निघालो. महामार्गावरून गावात शिरायच्या आधी एक कच्ची वाट उजवीकडं स्मशानाकडं जाते. त्या वळणावर जाऊन उभा राहिलो. दिवस कलला होता. ट्रक जात होते, उसाचे ट्रॅक्टर जात होते, प्रत्येक पांढरी गाडी दिसली की मी पुढं सरायचो. एक ओळखीचा मोटारसायकल थांबवून म्हणाला, "तात्या, बॉडी अजून आली न्हाय का?" मी त्याला अशी शिवी हासडली की तो बिचारा गाडी ढकलतच पुढं गेला. नंतर वाईट वाटलं. त्याचा काय दोष?

शेवटी रुग्णवाहिका आली. मी वाटेच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून आडवा झालो. ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि शेजारून प्रेम खाली उतरला. अंगावर कालचाच ऑफिसातला शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच लटकत होतं. काढायचं भान राहिलं नसावं.

"तात्या, बाजूला व्हा. उशीर होतोय."

"घरी घे."

"आपलं बोलणं झालंय ना? बॉडी आता—"

"प्रेम," मी ओरडलो, "बॉडी बॉडी काय लावलंयस सकाळधरनं? कोण हाय त्यो आत? तुझा कोण हाय? एकदा तोंडानं सांग. मग ने कुठं न्यायचं तिकडं, म्या हलतो बाजूला."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. सांगायला तोंड उघडलं. ओठ हलले, पण आवाज काही येईना. पुन्हा प्रयत्न केला. तो 'आ' एवढंच म्हणू शकला. पुढचं त्याच्याच्यानं झालं नाही. तो गाडीच्या चाकाशेजारी धुळीत खाली बसला आणि लहानपणी मेंढराच्या पिल्लासाठी रडायचा तसा रडायला लागला.

मला माझीच लाज वाटली. रात्रभर दवाखान्यात एकटा होता पोरगा. सह्या केल्या, पोलिसांशी बोलला, आत जाऊन ओळख पटवून आला. 'आप्पा' म्हणाला असता तर यातलं एकही काम त्याच्या हातून झालं नसतं. मी ज्याला मिरवणारा शब्द समजत होतो, त्या शब्दाला धरून तो सकाळपासून उभा होता, आणि मी तोच ओढून काढला.

मी त्याच्याजवळ खाली बसलो. पाठीवर हात फिरवला. ओळखपत्राची दोरी डोक्यावरून काढून त्याच्या खिशात घातली.

"तात्या," बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "तोंड झाकून ठिवलंय. तोंडाला लई लागलंय. आईनं कापड काढलं तर?"

"तर काढंल. तिचा हक्क हाय त्यो."

तो उठला, शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "गावात घ्या. घराकडं."

गाडी अंगणाबाहेर थांबली. माणसं बाजूला झाली. आण्णासाहेबांनी एकदा आकाशाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. ड्रायव्हर परगावचा, त्याला पुढं आणखी एक खेप असावी. त्यानं मागचं दार उघडलं आणि नेहमीच्या घाईनं मोठ्यानं विचारलं, "बॉडी कुठं उतरवायची?"

मी बोलणार तोच दारातून नागूबाई बाहेर आली. पदर खांद्यावर आला होता आणि तिनं तो सावरला नाही. मी समोर उभा, गावातले सगळे थोर उभे, तरी ती सरळ गाडीपर्यंत चालत गेली. ड्रायव्हर दोन पावलं मागं सरला.

जन्मभर तिनं नवऱ्याला 'हे', 'आमचं मालक', नाहीतर 'प्रेमचा बाप' म्हटलेलं. रेशनच्या दुकानात नाव विचारलं तर ती शेजारणीला पुढं करायची. मतदानाला गेली तर बोटानं यादीवर दाखवायची, तोंडानं उच्चारायची नाही. गावातली पोरं तिची त्यावरून थट्टा करायची आणि ती हसून पळून जायची.

तिनं आत वाकून पांढऱ्या कापडावर हात ठेवला.

"बॉडी न्हवं त्यो," ती ड्रायव्हरला म्हणाली. "मल्हार हाय. माझा मल्हार हाय त्यो. आत आणा."