टाकी भरली की मोटार थांबावी

पाटोद्याजवळच्या सहकारी दूध केंद्रात मनकर्णा यंत्रं सांभाळायची. दुष्काळात टँकरचं पाणी खालच्या हौदात पडायचं आणि मोटार ते वरच्या टाकीत चढवायची. टाकी भरली की मोटार आपोआप बंद करणारं सर्किट विजेच्या झटक्यानं जळालं आणि पाणी टाकीवरून वाहून जायला लागलं. फाटकाबाहेर घागरी घेऊन बसलेल्या बायका ते बघत होत्या. मनकर्णाला त्यांच्याकडे मान वर करून बघवेना.

कंपनीचा माणूस फोनवर नुसतं उद्या-परवा करत होता. सर्किटमधली जळालेली चिप पाटोद्यात मिळेना, गेवराईतही मिळेना. चिपचं काम तसं साधं होतं. टाकीतल्या तारांना पाणी लागून सिग्नल आला की मोटारीचा सिग्नल बंद करायचा, नाही आला तर चालू ठेवायचा. उलटं करून देणं, एवढंच. डिप्लोमाला शिकलेलं ते आठवून मनकर्णानं जुन्या टेपरेकॉर्डरमधला एक ट्रान्झिस्टर काढला आणि दोन रेझिस्टर जोडून सर्किट बनवलं.

ते चालेना. सिग्नल दिला की व्होल्टेज शून्यावर यायला हवं, पण मीटर चार व्होल्टवरच अडलं. तिनं रेझिस्टर बदलले, सोल्डरिंगचे सगळे डाग वितळवून पुन्हा लावले. तरी चारच. बोट भाजलं तशी तिनं डाग द्यायचा तापलेला कावीया भिरकावला.

मोटारीवरचे बंकटमामा दारात येऊन म्हणाले, "ताई, टँकर आलाय. मोटार चालू करू का?"

"करा. आणि वरती टाकीपाशी बसून राहा," ती फटकन बोलली, मग तिलाच वाईट वाटलं.

मामा मोटार चालू करून टाकीची शिडी चढले. तिनं चिडूनच ट्रान्झिस्टर उपटला आणि मीटरच्या खाचेत घालून तपासला. त्याचे पाय पुस्तकातल्या आकृतीसारखे नव्हतेच. पहिला आणि तिसरा पाय उलटे होते आणि दिवसभर ती त्याला उलटा जोडत होती.

तिनं तो फिरवून डाग दिला, सर्किट मोटारीच्या पेटीत बसवलं. टाकीतल्या तारांना पाणी लागलं आणि मोटार गप्प झाली.

"लई दमलात तुमी," मामा शिडीवरून उतरून म्हणाले.

मनकर्णाला हसू आलं नाही. दोन पायांच्या अदलाबदलीपायी वाया गेलेला सगळा दिवस तिला खुपत होता. भिंतीला पाठ टेकून ती तशीच बसून राहिली.