बेटावरचा चौथा भिडू

गेले कित्येक रविवार आमच्या बैठकीच्या खोलीत एका बेटावर स्वारीची तयारी चालू आहे. ते बेट बिचारं गरम समुद्रात सुखाने पडलेलं आहे. ऐन थंडीत आपल्यावर कोण येऊन आदळणार आहे याची त्याला कल्पना नाही. आमचे हे दंतवैद्य. यांच्या जोडीला एक वकील आणि एक फरश्यांचे व्यापारी. तिघांची पोटं टेबलाच्या कडेला टेकलेली, मध्ये बेटाचा नकाशा पसरलेला, आणि आवाज असे की शेजाऱ्यांना वाटावं, घरात भांडण लागलंय.

गोल्फबद्दल माझं मत कुणी विचारलेलं नाही, तरी सांगते. एक छोटा पांढरा बॉल असतो. तो लांब मारायचा, मग शोधायचा, आणि सापडला की पुन्हा लांब मारायचा. एखादं पोर असं करायला लागलं तर आई त्याच्या हातातून बॉल काढून घेते. हे लोक त्यासाठी वेगळे बूट विकत घेतात. आता थंडीत इथल्या मैदानावर धुकं उतरतं, बॉल दिसेनासा होतो, म्हणून उन्हाच्या बेटावर जायचं. बरं, तिथे जाऊन समुद्र तरी बघणार आहेत का? नाव नको. समुद्र म्हणजे यांच्या लेखी बॉल बुडण्याची जागा.

वकीलसाहेबांना कुणी कुणाच्या खोलीत झोपायचं याचा निकाल लागल्याशिवाय पुढे जायचं नव्हतं. घोरणाऱ्याने आधी झोपायचं की मागाहून, यावर त्यांनी दोन्ही बाजूंनी युक्तिवाद केला. फरशीवाले मोबाइल माझ्या नाकाशी धरून म्हणाले, "वहिनी, तिथलं गवत बघा हो! एकेक पातं निवडून लावलंय." या गृहस्थाने जन्मभर लोकांच्या अंगणातलं गवत उपटून त्यावर फरश्या घातल्या. आणि आमचे हे? दाढ ठणकणाऱ्या बाईला पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगतात आणि स्वतः रोज सकाळी दात घासता घासता त्या बेटावर वारा कुठून वाहतोय ते बघतात. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

चौथा भिडू माझा दादा. माझा थोरला भाऊ, पाणीपुरवठ्यातला निवृत्त इंजिनिअर. त्याची बायको, माझी वहिनी, वारल्यावर तो घराबाहेर पडेनासा झाला होता. मूलबाळ नाही. मी डबा घेऊन जायचे तर अंधारात बसलेला असायचा, दिवा लावायचंही सुचायचं नाही त्याला. तेव्हा यांनीच त्याला ओढून मैदानावर नेलं, एवढं श्रेय मी यांना देते. तेवढंच. तिथे दादा माणसांत आला. चार शब्द बोलायला लागला, दाढी करायला लागला. आणि हे बेट ठरल्यापासून तर त्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. फोन केला की बेट, भेटलो की बेट. त्या बेटाखेरीज त्या माणसाजवळ पुढे बघण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं.

त्या रविवारी दादा यायच्या आधी तिघांची डोकी नकाशावर जवळ आली आणि आवाज एकदम खाली गेले. माझ्या घरात आवाज खाली गेला की मी चहाचा ट्रे घेऊन आत जातेच.

"तूच सांग त्यांना," हे मला म्हणाले. "तुझा भाऊ आहे."

"काय सांगू?"

"की तिघांचंच बुकिंग मिळालं."

"का? विमान छोटं आहे?"

मग फरशीवाल्यांनी मला खेळाचा धर्म समजावला. गोल्फमध्ये पंच नसतो. प्रत्येक होल संपला की, म्हणजे बॉल एकदाचा खड्ड्यात पडला की, आपल्याला किती फटके लागले ते ज्याचं त्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी त्यावर विश्वास ठेवायचा. दादा आठ मारतो आणि पाच सांगतो. एकदा नाही, दर वेळी.

"खोटं बोलतो तो, वहिनी," वकील म्हणाले. "सभ्य शब्द शोधला, पण सापडला नाही."

वकिलांना शब्द सापडला नाही! मला हसूच आलं असतं, पण राग आधी आला. ज्या माणसाने कच्च्या टाकीच्या कामावर सही करायला नकार दिला आणि वहिनीला घेऊन आडगावी बदली भोगली, तो एका पांढऱ्या बॉलसाठी खोटं बोलेल? आणि हे सांगतंय कोण, तर आशिलाला कोर्टात काय आठवायचं नाही ते शिकवणारा. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून.

"त्यांच्या जागी बँकेतले साहेब यायला तयार आहेत," हे म्हणाले. म्हणजे जागा भरूनसुद्धा ठेवली होती. मी म्हटलं, "तुमच्या तोंडाने सांगा," आणि ट्रे आपटून आत आले.

दादा आला तोच मागच्या दाराने, स्वयंपाकघरात. डोक्यावर नवीकोरी पांढरी टोपी. "ठमे, उन्हासाठी घेतली," म्हणाला. "तिकडे ऊन फार." मी त्याला कप दिला आणि साखरेचा डबा पुढे केला. त्याने चमचाभर साखर घातली, ढवळली. टोपी कुठे घेतली ते सांगितलं. पुन्हा चमचाभर घातली, ढवळली. बेटावर ऊन फार असतं म्हणाला. पुन्हा साखर. मी बघतच राहिले. चौथ्या चमच्याला त्याची नजर माझ्या चेहऱ्याकडे गेली आणि हात हवेतच थांबला.

"झाली का गं माझी घालून?" त्याने हळूच विचारलं.

"झाली, दादा."

त्याने चमचा ठेवला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं न करता गिळला. मी साखरेचा डबा उचलून घेतला. तो फटके लपवत नव्हता. मारलेला फटका त्याच्याजवळ राहतच नव्हता. दर रविवारी हे तिघं त्याच्या मागून चालत होते. त्यातले एक डॉक्टर, म्हणजे दातांचे का होईना, पण डॉक्टरच. आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्यांच्या जगात माणसांच्या दोनच जाती. बरोबर मोजणारे आणि चोर. तिसरी जात असू शकते हे समजायला माणसाकडे बघावं लागतं, आणि हे बघतात फक्त बॉलकडे.

मी पदराला हात पुसले. आता बाहेर जाऊन तिघांची अशी हजेरी घेणार होते की बेटाचं नाव काढायची हिंमत झाली नसती. पण दादा माझ्या पुढे बाहेर गेला आणि वकिलांनी त्याला बसूसुद्धा दिलं नाही.

"साहेब, स्पष्टच विचारतो. गेल्या रविवारी तळ्याजवळच्या होलला तुम्हाला किती फटके लागले?"

दादा उभा राहिला. टोपी काढून हातात घेतली. तो आठवायचा प्रयत्न करतोय हे मला दाराशी उभं राहून दिसत होतं. वकिलांना त्यात गुन्हेगाराची चुळबूळ दिसली असणार.

"पाच?" दादा म्हणाला.

"नऊ," फरशीवाले म्हणाले. "आम्ही तिघांनी मोजलेत."

"दादाला..." मी तोंड उघडलं. दादाने माझ्याकडे असं बघितलं की मी वाक्य तिथेच सोडलं. लहानपणी वडिलांसमोर मी काही बोलून बसणार असले की तो असाच बघायचा.

मग तो त्यांच्याकडे वळला आणि चक्क हसला. "सापडलो म्हणायचं," तो म्हणाला. "खोटं सांगतो मी. बऱ्याच दिवसांपासून सांगतोय. हरायला आवडत नाही हो या वयात."

काय सांगू तुम्हाला त्या तिघांचे चेहरे! चोर पकडल्याचा आनंद, त्यावर चोराला माफ करायला मिळणार याचा आणखी मोठा आनंद. वकिलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. फरशीवाले म्हणाले, "कबूल करायला मोठं मन लागतं, साहेब." आमचे हे तर गहिवरलेच. तोंडातल्या तोंडात बँकेतल्या साहेबांना नकार कळवायचं ठरलं, आणि दादाला बेटावर न्यायचंही ठरलं, मात्र एका अटीवर. त्याचे फटके यापुढे वकील मोजणार, दादाने आकडा सांगायचाच नाही.

"चालेल," दादा म्हणाला. "उलट बरंच."

बरंच! आणि त्यांना वाटलं, शिक्षा केली.

तो निघाला तेव्हा मी फाटकापर्यंत गेले. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. "मी सांगते त्यांना," मी म्हटलं. "तू चोर नाहीस."

त्याने माझं मनगट धरलं. "काही सांगायचं नाही, ठमे. चोराला बरोबर नेतात गं. ओरडतील, हसतील, पण नेतील. आजाऱ्याला घरी ठेवतात, काळजीने." मग मनगट सोडून म्हणाला, "डॉक्टरकडे जाऊन आलोय मी. तुझ्या नवऱ्याकडे नाही, खऱ्या. पुढच्या थंडीत मला बेट म्हणजे काय तेसुद्धा कळेल की नाही, सांगता येत नाही. एवढं एक जाऊन येतो."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

परत आत आले तर तिघं बिस्किटं खात होते. माझे लाल डोळे बघून फरशीवाल्यांनी आवाजात मध घातला. "मनाला लावून घेऊ नका, वहिनी. भाऊ असा निघावा याचं वाईट वाटणारच. पण इतका सज्जन दिसणारा माणूस... आधी कधी शंका नाही आली तुम्हाला?"

तिघं माझ्याकडे बघत होते. यांच्या मिशीला बिस्किटाचा चुरा लागला होता. एका वाक्यात तिघांना जमिनीवर आणता आलं असतं. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं.

"आली होती की," मी म्हटलं. "लहानपणापासूनच लबाड आहे तो. पत्ते खेळतानासुद्धा लांड्यालबाड्या करायचा. आई कंटाळली होती त्याला."

"बघा!" वकील म्हणाले, आणि त्यांनी नकाशा पुन्हा उलगडला.