काळे डाग भरून येण्याचे

काचेला नाक लावून बघताय ना, त्या टाकीतला केशरी मासा मीच. पाठीवर काळे डाग दिसतील. त्यांच्याबद्दलच सांगायचंय, म्हणून आज बोलतोय.

जन्मलो तेव्हा मी केशरी नव्हतोच. आम्ही सगळी भावंडं मातकट. काही महिन्यांनी अंगावर सोनं चढलं. माणसांना वाटतं, रंग म्हणजे आमचा कायमचा कपडा. तसं नसतं. अंधारात राहिलो की आम्ही फिकट होतो, घाबरलो की उतरतो. तुमचंही तोंड उतरतंच की.

या घरी मला आणलं ते लेकीसाठी. ती दीड वर्षाची, जेवायला तोंड उघडायची नाही. तिची आई घास धरून म्हणायची, मासा बघ कसा आ करतो. मी आ करायचो, तीही करायची. आईच्या जिवाला तेवढंच बरं.

आई भारी काळजीची. लेकीच्या बाटल्या उकळायची, चमचे उकळायची, खेळणीसुद्धा. रबराचं बदक तर उकळून बसकंच झालं. मग तिची नजर माझ्या टाकीकडे गेली. दगड हिरवट, पंपाचा स्पंज बुळबुळीत. या घाणीनं लेकीला काही झालं तर?

तेव्हापासून दर आठवड्याला माझं सगळं पाणी मोरीत आणि दगड, स्पंज उकळत्या पातेल्यात. सासूबाई म्हणायच्या, अगं, कढईसुद्धा इतकी घासत नाहीस. पण ऐकतंय कोण.

आम्ही खातो तिथेच घाण करतो आणि तिचं पाण्यात विष होतं. ते संपवणारे बारीक जीव त्या बुळबुळीत स्पंजातच राहतात. आई त्यांनाच उकळत होती. पाणी आरशासारखं दिसायचं आणि माझ्या अंगाची नुसती आग व्हायची. तरी मी ठरवलं होतं, खाणं सोडायचं नाही.

मग ती लेकीला घेऊन महिनाभर माहेरी गेली. सासूबाईंनी चिमूटभर खाणं टाकलं, अधूनमधून बादलीभर पाणी काढून रात्रभर भरून ठेवलेलं ओतलं, बाकी कशाला हात लावला नाही. आग हळूहळू थांबली.

आई परत आली आणि दारातच थबकली. माझ्या पाठीवर काळे डाग होते.

"मी नसताना काय केलंत त्याला?"

"काहीच नाही केलं," सासूबाई म्हणाल्या.

"तेच तर."

तिचा नवरा म्हणाला, रोग असेल, टाकून दे, दुसरा आणू. लेक रोज टाकीपाशी बसते, उगाच कशाला. आईनं मला मगमध्ये घेतलं आणि मोरीकडे निघाली. मी पोहत राहिलो. मगच्या कडेला चिकटलेला खाण्याचा एक कण दिसला, तो खाल्ला. दुसरा शोधायला लागलो. ती थांबली. म्हणाली, मरणारा जीव असा खात नाही. मला झाकणाच्या डब्यात ओतलं आणि तडक शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराकडे नेलं.

त्यानं आधी मला बघितलं, मग तिला विचारलं, टाकी कशी धुता. तिनं अभिमानानं सगळं सांगितलं, उकळण्यासकट.

"वहिनी, हा भाजला होता. आता भरून येतोय. भरताना हे असे काळे पडतात."

"कशानं भाजला?"

त्यानं समजावून सांगितलं. तिनं डब्याचं झाकण दोनदा लावलं, दोनदा काढलं. मग विचारलं, "आता काय करू?"

आता पाण्याचा पाव भागच बदलते. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळते. हात शिवशिवतात तिचे, पण आवरते. घरी आल्या आल्या सासूबाईंना एवढंच म्हणाली, तुमच्यामुळे वाचला. त्या म्हणाल्या, मी काहीच केलं नव्हतं.

दोन डाग गेले, दोन आहेत. जातील, नाहीतर त्या जागी पांढरा होईन, मला फरक पडत नाही. तुमच्याकडच्या माशाचा रंग बदलला तर लगेच त्याला घेऊन मोरीकडे निघू नका. आधी बघा, पाणी कसं आहे, तो खातोय का. खात असेल तर त्याचं जगायचं ठरलेलं आहे, मध्ये येऊ नका.

सरका जरा आता. खाण्याची डबी वाजली.